आई यंत्र व्हायची ते दिवस

बाबांच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला त्या वर्षी आमच्या घरात आईचं पाणी मोजून ठेवलं जायचं. चंडीगडला नळाला पाणी भरपूर होतं. आईच्या दोन्ही किडन्या मात्र जवळजवळ बंद पडल्या होत्या आणि दिवसभरात तिने किती प्यावं हे डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. सकाळी उठलं की मी एका स्टीलच्या तांब्यात तिचं दिवसाचं पाणी काढायची. चहा, औषध, गोळी गिळायचा घोट, सगळं त्यातूनच. उन्हाळ्यात कूलर घरघरत असताना दुपार टळायच्या आत तांब्या तळाला जायचा आणि मग आई ओला रुमाल ओठांवर धरून खिडकीशी बसायची. बाबा आणि मी तिच्यासमोर पाणी पीत नसू. स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून प्यायचं, हे कुणी न सांगता ठरलं होतं. आजही मी पेला एका दमात संपवते. सून म्हणते, सावकाश प्या. जमत नाही.

जेवणाचंही तसंच होतं. भाजी चिरून, तिच्यातले क्षार निघून जावेत म्हणून, पातेलंभर पाण्यात भिजत घालायची, ते पाणी ओतायचं, मग उकडायची, तेही पाणी ओतायचं, आणि उरेल त्याला मिठाशिवाय चव आणायची. आई सांगलीची, हाताला तिखट-मिठाची सवय असलेली. तिने या भाजीला नाव ठेवलं होतं. "सरकारी फाइल," ती म्हणायची. "सगळ्या टेबलांवरून फिरून येते, आत काही उरत नाही." बाबा आणि मी आमटी-भात खायचो, ती समोर बसून फाइल खायची, आणि आमटीच्या वासावरून सांगायची, "आज गूळ कमी पडला बघ, नीलू." मी उत्तर हिंदीत द्यायची. चंडीगडच्या शाळेत वाढलेली आम्ही मुलं घरातही तशीच बोलायचो. "अरे यार आई, तुम्हें कैसे पता?" ती म्हणायची, "यार काय मला? मी तुझ्या वर्गात आहे का?"

आठवड्यातून दोनदा तिला मोठ्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यावं लागे. तेव्हा ही सोय असलेली हॉस्पिटलं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यांतलं एक आमच्या घरापासून दोन सेक्टर ओलांडून होतं. खर्च बाबांच्या केंद्र सरकारी नोकरीतून परत मिळे. नोकरी चंडीगडात होती म्हणून राहायला क्वार्टर होतं. मला सगळं एकाखाली एक मांडून बघायची सवय आहे, तेव्हाही होती, आणि कसंही मांडलं तरी हिशेब एकच यायचा. बाबा या गावात या नोकरीवर आहेत तोवर आई आहे.

बाबांचं ऑफिस नद्यांच्या पाण्याची मोजणी ठेवायचं. डोंगरातल्या ठाण्यांवरून रोजच्या पातळीचे आकडे यायचे, तिथे कामाला असलेल्या मुली ते जाड कार्डांवर भोकं पाडून नोंदवायच्या, आणि कार्डांचे गठ्ठे जुन्या यंत्राला वाचायला दिले जायचे. त्या कार्डांच्या खोलीचे बाबा प्रमुख होते. गठ्ठा खिडकीतून आत सरकवायचा, घरी यायचं, उत्तर दुसऱ्या दिवशी छापून मिळायचं. म्हणून देण्याआधी सगळं तपासायची शिस्त. बाबा कार्ड उजेडाकडे धरून नुसत्या भोकांवरून आकडे वाचायचे. वाया गेलेली कार्डं घरी यायची, त्यांच्या कोऱ्या पाठीवर माझ्या वाणसामानाच्या याद्या असायच्या. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पुस्तकात खूण म्हणून एकेक कार्ड असायचं.

नव्या कॉम्प्युटरला कार्डं लागणार नव्हती. काचेच्या पडद्यासमोर बसून टाइप करायचं, आणि टाइप केलेलं आतच राहणार. बाबांनी एका जेवणात आम्हाला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते समजावलं. "यंत्राचा कारभारी समजा. कोणाला आत घ्यायचं, कोणाची फाइल कुठे ठेवायची, ते सगळं तो बघतो. आपण थेट यंत्राशी बोलायचं नाही, कारभाऱ्याशी बोलायचं. आणि त्याला एका वेळी पुष्कळ माणसं सांभाळता येतात."

"म्हणजे इथेही मधला माणूस," आई म्हणाली.

"हा पैसे खात नाही."

"बघू."

ते हसले, पण मुद्दा हसण्याचा नव्हता. कार्डांची खोली बंद होणार होती. नव्या यंत्रावर प्रमुखाची एकच जागा चंडीगडात मंजूर झाली होती. दिल्लीहून समिती येणार, बाबा तिला नवी सिस्टिम चालवून दाखवणार, आणि समितीला पटलं तर जागा बाबांची. नाही पटलं तर दिल्लीचा माणूस इथे येणार आणि बाबा, जिथे अजून कार्डं चालतात अशा एखाद्या केंद्रावर जाणार. बाबांनी पन्नाशी ओलांडली होती.

एका रविवारी बाबा मला बरोबर ऑफिसात घेऊन गेले. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला तो पडदा बघायचाच होता. चपला बाहेर काढायच्या, अंगात स्वेटर घालायचा, कारण आत भर उन्हाळ्यात हिवाळा केलेला. कंपनीचा इंजिनिअर, कपूर नावाचा तरुण मुलगा, एका कोपऱ्यात पेपर वाचत होता. बाबांना आठवड्यातून जेमतेम तासभर मिळायचा, बाकी वेळ मुली जुने आकडे त्यात भरत असत. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि डाव्या कोपऱ्यात उघडमीट करणारा एक ठिपका, आपण काय म्हणतो याची वाट बघत असल्यासारखा. मला तो फार आवडला. इतकं लक्ष देऊन माझी वाट कुणी पाहिली नव्हती.

बाबांनी एक ओळ टाइप केली, आजची तारीख विचारणारी. शेवटचं बटण दाबलं, हात मांडीवर घेतले आणि मान वळवून दाराकडे बघू लागले.

"बाबा, आ गया."

"काय आलं?"

"जवाब."

"एवढ्यात?" त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. तारीख बरोबर होती. ते खूश झाले. पुढची ओळ टाइप केली, बटण दाबलं, आणि पुन्हा दाराकडे. आयुष्यभर गठ्ठा देऊन पाठ फिरवलेला माणूस. मी कोपराने ढोसायची, ते बघायचे, आणि पुढच्या वेळी परत तेच. मला मात्र तासाभरात सगळं हाताशी आलं होतं. फाइल बनवली, तिला नाव दिलं, उघडली, बंद केली. फक्त खोडून बघता आलं नाही. कपूरने पेपरमधून डोकं न काढता सांगितलं, "डिलीट को हाथ नहीं लगाना जी. लड़कियों का सारा काम अंदर है."

आठवड्याचा एक तास पुरणारा नव्हता हे बाबांना आणि मला, दोघांनाही कळत होतं. सिस्टिमचं पुस्तक एकच, ते ऑफिसातल्या मोठ्या साहेबांच्या कपाटात. बाबांनी ते ऑफिसात बसून उतरवून घेतलं. वाया गेलेल्या एका कार्डाच्या कोऱ्या बाजूला वर हुकूम, खाली त्यावर यंत्र काय उत्तर देतं ते. असा गठ्ठा घरी आला आणि आईच्या हातात गेला. तिला उठबस फार होत नव्हती, डोळे मात्र चांगले होते. संध्याकाळी चहा झाला की बाबा जेवणाच्या टेबलाशी बसायचे, समोर पुठ्ठ्यावर मी काढून दिलेला कीबोर्ड, आणि पलीकडे खुर्चीत दोन उशा घेऊन आई. आई म्हणजे यंत्र.

"लॉगिन," बाबा पुठ्ठ्यावर बोटं दाबत म्हणायचे.

"नाव?"

"पाटणकर."

"पासवर्ड?"

"तो तुला कसा सांगू? गुप्त असतो."

"मग राहा बाहेर."

"अगं, यंत्र असं म्हणत नाही."

"या कार्डावर लिहिलंय, पासवर्ड चुकल्यास प्रवेश नाही. मी माझ्या मनाचं काही बोलत नाही."

ती फार कडक यंत्र होती. हुकमात एक अक्षर चुकलं तर "समजलं नाही" म्हणायची आणि तोंड फिरवायची. बाबा वैतागायचे, मी हसायची. त्या काही महिन्यांत त्या टेबलावर जितकं बोलणं झालं तितकं आधीच्या कित्येक वर्षांत झालं नसेल. शेजारच्या मिसेस भल्ला एकदा येऊन बघून गेल्या आणि कॉलनीभर सांगत फिरल्या की पाटणकर मियाँ-बीवी शाम को टेबल पे कोई खेल खेलते हैं.

डिलीटच्या कार्डावर हुकूम होता आणि खाली जागा कोरी. पुस्तकात उत्तर दिलेलंच नव्हतं. पहिल्यांदा ते कार्ड निघालं तेव्हा बाबा म्हणाले, "सगळ्या फाइली खोडा," आणि पुठ्ठ्यावर बोट आपटलं. आईने कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"नक्की?" ती म्हणाली.

"हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही. पण न विचारता कसं पुसेल? परवा मी जुने पेपर रद्दीला काढले तर तुम्ही मला तीनदा विचारलंत. हे तर एवढं शिकलेलं यंत्र."

बाबांनी विचार केला. कार्ड तिच्याकडून घेतलं आणि खालच्या कोऱ्या जागेत पेनाने 'नक्की?' लिहिलं. "बरोबर आहे. विचारत असणार. त्याशिवाय कोणी असलं यंत्र बनवणार नाही." मलाही ते बरोबर वाटलं. मी तर कॉलेजात शास्त्र शिकत होते. आता माझा मोबाइल एक फोटो काढून टाकायचा तरी दोनदा विचारतो आणि नात न वाचता 'हो' दाबते. तिला यात सांगण्यासारखं काय आहे, मला कळत नाही, म्हणून मी सांगत नाही.

मग रोज ते कार्ड निघालं की आई विचारायची, "नक्की?" आणि बाबा कधी हो म्हणायचे, कधी नाही. बहुतेक वेळा नाही. नाही म्हणताना त्यांना जरा मजा वाटायची.

हिवाळा सुरू झाला, बाजारात मटार आले, समितीची तारीख ठरली. त्याआधी जागा मोकळी हवी म्हणून कार्डांचे जुने गठ्ठे रद्दीत द्यायचा हुकूम निघाला. आकडे आत भरून झाले होते, मग कार्डं कशाला? दोन रेहड्या, म्हणजे हातगाड्या, भरून गेल्या. आतल्या आकड्यांची आणखी एक प्रत टेपवर काढून ठेवायची असते, पण टेपच्या यंत्राचा एक भाग तुटका आला होता आणि नवा यायचा होता. बाबांनी साहेबांना सुचवलं की भाग येईपर्यंत रद्दी थांबवावी. साहेब म्हणाले, समितीला काय गोदाम दाखवायचं?

समितीच्या दिवशी बाबा नेहमीपेक्षा लवकर घरी आले. कोट काढून खुर्चीला लावला, हातपाय धुतले आणि माझ्यासमोरचं मटारचं ताट ओढून सोलायला बसले. आई पलंगावर उठून बसली.

"काय झालं?"

"बोट घसरलं," बाबा म्हणाले. "फाइली गेल्या."

"कुठल्या?"

"सगळ्या."

"परत आणता येतील ना?"

"रजिस्टरं आहेत ठाण्यांवर. पुन्हा सगळं भरावं लागेल. सहा-आठ महिने."

"आणि जागा?"

बाबांनी एक शेंग उघडली, दाणे ताटात पाडले, साल दुसऱ्या बाजूला ठेवलं.

संध्याकाळी सोधी अंकल आले. बाबांच्या हाताखाली पंधरा-सोळा वर्षं काम केलेले, मोठ्या आवाजाचे, मनात आलेलं पोटात न ठेवता येणारे. बाबा त्यांना दारातूनच व्हरांड्यात नेऊ पाहत होते, पण ते सरळ आईच्या पलंगाजवळ जाऊन खुर्चीत बसले.

"भाभीजी, क्या बताऊँ. सब बढ़िया चल रहा था. दिल्लीवाले सिर हिला रहे थे. फिर एक ने पूछ लिया, पुराना माल हटाना हो तो? अपने पाटणकर साहब बोले, सर, इसमें डर की बात नहीं, हटाने से पहले ये पूछता है, देखिए."

"सोधी, रहने दो," बाबा म्हणाले.

"नहीं जी, भाभीजी को पता तो चले कि साहब की गलती नहीं. साहब ने टाइप किया, बटन दबाया, और मुड़ के उनको समझाने लगे, अब पूछेगा, हम ना बोल देंगे. मैं स्क्रीन देख रहा था. उसने पूछा ही नहीं. बस वो ठिपका फिर आ गया, जैसे कुछ हुआ ही न हो." ठिपका हा आमच्या घरचा शब्द त्यांनी बाबांकडून उचलला होता. "कपूर दौड़ा. बाद में कहता है, इसमें पूछने वाली बात ही नहीं है, जो बोलो सो करता है. अरे तो पहले बक देता."

आईने बशी पुढे केली. "चाय लीजिए, ठंडी हो रही है," एवढंच म्हणाली.

सोधी अंकल गेल्यावर बाबांनी मला व्हरांड्यात बोलावलं. दिवे लागले होते, समोरच्या मैदानात मुलं बॅडमिंटन खेळत होती. "आईला सोधीचं सगळं कळलं नसेल ना?" त्यांनी विचारलं. "भरभर बोलतो तो. तिचं हिंदी बेताचं."

"नाही कळलं," मी म्हणाले. मराठीत म्हणाले.

स्वयंपाकघरात आई, जी सहसा तिथवर येत नसे, ओट्याला धरून उभी होती आणि उकडलेल्या भाजीचं पाणी ओतत होती. वाफ तिच्या तोंडावर येत होती. "मीच विचारत होते ना रोज," ती म्हणाली. मी पातेलं तिच्या हातातून घेतलं. "त्यांना सांगू नकोस, मला कळलं म्हणून. बोट घसरलं म्हणालेत, तर घसरलं."

दोघांनी ते शेवटपर्यंत तसंच ठेवलं. चौकशी झाली तेव्हा सोधी अंकलनी बाबांना परोपरीने सांगितलं की लिहून द्या, ट्रेनिंग मिळालं नाही, डिलीटला हात लावू दिला नाही, रद्दीला तुमचा विरोध होता. बाबांनी लिहून दिलं, "माझा निष्काळजीपणा." यंत्र आधी विचारतं हे कुठून कळलं, असं चौकशीत विचारलं असतं, तर संध्याकाळची ती टेबलावरची प्रॅक्टिस सांगावी लागली असती, आणि बाबांना आईचं नाव कुठल्याही सरकारी कागदावर नको होतं. हे मला नंतर समजलं. तेव्हा मला नुसता राग आला होता.

बदली आसामातल्या एका केंद्रावर झाली. तिथे जुनी कार्डांची यंत्रं चालू होती. आम्ही तिघं टेबलाशी बसलो आणि काय काय करता येईल ते मी मांडलं. राजीनामा दिला तर आईचा खर्च परत मिळणं बंद. सगळे तिकडे गेलो तर तिकडे डायलिसिस नाही. बाबा एकटे गेले तर क्वार्टर सोडावं लागेल, पण हॉस्पिटल राहील, खर्चही मिळत राहील. बाबा म्हणाले, "मी नाही जाणार." आई म्हणाली, "मग माझं डायलिसिस काय पदरच्या पैशाने करणार आहात?" दुसऱ्या दिवशी तिने त्यांची ट्रंक काढायला लावली आणि पलंगावर बसून, काय कुठे ठेवायचं ते मला सांगत, ती स्वतः भरून घेतली. लोकरीचे मोजे तळाला, चष्म्याचा जादा जोड वर.

बाबा आसामला गेले आणि आम्ही दोघी चंडीगडजवळच्या खरड गावात राहायला गेलो. आता तिथे उंच इमारती आहेत, कॉलेजं आहेत, तेव्हा गव्हाच्या शेतांना लागून एक लहानसं गाव होतं आणि भाडं परवडण्यासारखं होतं. घरमालकीण बीजींच्या मागच्या अंगणातल्या दोन खोल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे आम्ही बसने चंडीगडला जायचो, आई माझ्या खांद्यावर मान टाकून, मी तिच्या पाठीमागून हात घालून. कंडक्टर ओळखीचा झाला होता, पुढची सीट राखून ठेवायचा. मी अभ्यास हॉस्पिटलच्या बाकावर केला आणि पास झाले. बाबांची पत्रं यायची. तिकडे त्यांना मान होता, कार्डांची खोली त्यांच्या हातात एक दिवसही बंद पडली नव्हती, लोक अडलं की त्यांच्याकडे यायचे. काम पुन्हा आवडू लागलंय हे ते लिहीत नसत, पण कळायचं. आई पत्र वाचून म्हणायची, "बरं चाललंय त्यांचं," आणि पत्र उशीखाली ठेवायची. वर्षातून एकदा रजा मिळे, ती निम्मी रेल्वेतच जायची.

दुसऱ्या हिवाळ्यात आईच्या छातीत पाणी झालं. मी तार केली, "निघा." त्यांची उलट तार आली की निघालो. त्यानंतर दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ती गेली. बीजींनी तिच्या तोंडात पाणी घातलं, आणि मला तेव्हाही वाटलं की आजचं पाणी अजून मोजायचंय. सोधी अंकल स्कूटरवर आले. त्यांचं म्हणणं, वाटेतल्या स्टेशनांवर तारा करू, गाडीत निरोप पोचेल. मी नको म्हणाले. त्या डब्यात अनोळखी माणसांमध्ये हे ऐकून त्यांनी काय करायचं होतं? धुक्याने गाड्या अडकल्या होत्या, किती थांबायचं ते कुणी सांगेना. संध्याकाळी सोधी अंकल, बीजींचे मुलगे आणि महाराष्ट्र मंडळातल्या चार माणसांनी सगळं आटोपलं. पुढचे दोन दिवस आई फक्त त्या गाडीत जिवंत होती.

गाडी आली तेव्हा फलाटावर समोरचा माणूस दिसत नव्हता. बाबा वळकटी खांद्यावर आणि चहाच्या पत्तीचा डबा हातात घेऊन उतरले. दाढी वाढलेली. मी दिसले तेव्हा आधी हसले, मग थांबले आणि मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ पाहिलं.

"आज मंगळवार ना?"

"हो."

"मग हॉस्पिटलात तिच्याजवळ कोण आहे?"

मी त्यांच्या खांद्यावरची वळकटी उतरवून घेतली.